आपल्याच माणसाला नाही म्हणायचं तर

गावाची शीव कुठून कुठं जाते, कुठल्या धोंड्याला संपते, हे पूर्वी कुणाला विचारायचे? महाराला. दोन गावांत हद्दीचा तंटा लागला की साक्षीला महार उभा करायचे. इंग्रज अंमलदारांनीही हे लिहून ठेवलंय. आता गंमत बघा. ज्याला सबंध गावाची हद्द तोंडपाठ, त्याला स्वतःची म्हणून हद्द नव्हती. कुणीही, कुठल्याही वेळी दारात यावं, हाक मारावी आणि यानं ताटावरून उठावं. तापात असो, बायको बाळंत होत असो, उठावं. दुसऱ्याच्या शिवेचा साक्षीदार, आणि स्वतःच्या अंगाची, वेळेची, झोपेची शीव कुठं ते त्यालाच ठाऊक नाही.

ही कविता नव्हे, कायदा होता. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदार महार म्हणजे चोवीस तासांचा नोकर. कामाची यादी नाही, कामाचे तास नाहीत. पगार म्हणावा तर तुकडाभर जमीन आणि दारोदार फिरून गोळा केलेलं बलुतं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात हा कायदा दुरुस्त करण्याचं बिल आणलं, तेव्हा त्यांनी एक गोष्ट ठासून मांडली. वतनदार घरी नसला तर त्याचा बाप, घरातलं जे हाताला लागेल ते माणूस कामाला जुंपलं जातं. म्हणजे घरी राहूनही सुटका नाही आणि घर सोडूनही नाही. ते बिल पास झालं नाही. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा आला १९५८ साली. तेव्हा बाबासाहेब नव्हते.

आमच्या कोकणात वतनापेक्षा खोताचा जाच मोठा. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात – आमचा मालवण तालुका १९८१ पर्यंत त्यातच होता – खोत म्हणजे सरकार. कूळ महार असो की कुणबी, खोताच्या वेठीला नाही म्हणायचं तर जमीन गेली. १९२९ साली चिपळूणच्या परिषदेत बाबासाहेब खोतीविरुद्ध बोलले, १९३७ साली खोती नष्ट करण्याचं बिल त्यांनी असेंब्लीत मांडलं, १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चानं आले. कायदा झाला तो १९४९ ला. इतकी वर्षं का लागली? नाही या दोन अक्षरांना पोटाची बाजू लागते म्हणून. गोपाळबाबा वलंगकरांना १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिता आलं, त्यात त्यांच्या लष्करी पेन्शनचा हात होताच. गिरणीतला पगार, गोदीतली हजेरी, मुंबईहून येणारी मनीऑर्डर, यांनी कोकणातल्या आमच्या माणसाच्या तोंडात नकार घातला. ज्याच्या चुलीची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला, त्याला स्वाभिमानावर भाषण देणं सोपं. देणाऱ्याला सोपं.

तरी नकार दिला गेला. १९ आणि २० मार्च १९२७, महाड. पाण्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण त्या परिषदेनं मेलेली ढोरं ओढू नका, मृतमांस खाऊ नका, उष्टं मागू नका हेही सांगितलं. तळं एकदा चालून जायचं होतं. हे दुसरं रोज करायचं होतं, ओळखीच्या माणसापुढं, आपल्याच गावात, कॅमेरा नसताना. गावोगाव बहिष्कार पडले, वाटा बंद झाल्या, दुकानदारानं मीठ दिलं नाही. मला विचाराल तर या दुसऱ्या नकाराचं आपण पुरेसं कौतुक केलेलं नाही. पुढं हिशेबी लोक आलेच. कातडं, शिंगं, हाडं यांतून एवढे रुपये मिळतात, ते का बुडवता? नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी या हिशेबाची आठवण काढली. नफा एवढा गोड वाटत असेल तर तो तुम्हीच घ्या, असा त्यांचा रोख होता.

आदल्या दिवशी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा काढून बघा. सुरुवातीच्या बहुतेक 'नाही'च्या आहेत. मानणार नाही, पूजा करणार नाही, श्राद्ध करणार नाही. आणि रोज म्हणतो ते पंचशील? पाचही शीलांत 'वेरमणी' हा शब्द येतो. त्यापासून अलिप्त राहणं, हात मागं घेणं. म्हणजे आपला धम्मच नकारानं सुरू होतो, आणि तो नकार दुसऱ्याला नव्हे, आधी स्वतःच्या हाताला दिलेला. जोहार सोडून जयभीम आला, तोही नकारच. एकाच श्वासात जुनं नाकारलं आणि नवं घेतलं. ज्या समाजाची घडणच अशी, त्याला नाही म्हणायला शिकवायची गरज काय, असं कुणीही म्हणेल.

मला तशी गरज दिसते. का ते सांगतो.

आमच्या तारकर्लीला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. मधली पट्टी देवबागेपर्यंत निमुळती होत जाते. पूर्वी इथं रापण, माड आणि मनीऑर्डर. आता टुरिस्ट. घराघरावर निवास न्याहारीच्या पाट्या, स्कूबा डायव्हिंगच्या होड्या, मे महिन्यात गाडी लावायला जागा नाही. काम वाढलं, हे खोटं नाही. आमच्या वाडीतला माझा चुलतभाऊ वायरमन आहे. आयटीआय केलेला. एका निवासवाल्याकडं त्यानं सगळी लाईट फिटिंग केली. सीझनमध्ये रात्री दहाला त्याचा फोन, चेंबर तुंबलाय, पर्यटक बोंबलतायत, जरा येऊन बघ. गावात प्लंबर आहे. मुकादम आहे. फोन याला. भाऊ म्हणाला, "माका जमाचा नाय. मी वायरमन आसंय. ह्या काम माजा नाय."

पलीकडून आलेलं उत्तर ऐका. शिवी नाही, जात नाही. "अरे, तू काय परको? घरचोच मा तू!"

दोस्तहो, या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करतोय. खोत हुकूम करायचा. त्याला तोंड देता येतं, हुकूम समोर दिसतो. 'घरचो' म्हटलं की माणूस लाजतो. नाही म्हटलं तर आपणच नातं तोडलं असं होतं. आमची म्हातारी हे ऐकून एवढंच म्हणाली, "घरचो म्हणतत, पण घरात घेनत नाय." भावाला पन्नास माणसांचं घाण पाणी उपसायला बोलावताना जी आपुलकी लागते ती हळदीकुंकवाच्या, पूजेच्या दिवशी कुठं जाते, हे विचारायचीही सोय नाही. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात, टाकीत उतरवणं गुन्हा केलाय. घटनेच्या २३ व्या कलमानं वेठबिगार बंद आहे. पण फोनवरच्या गोड बोलण्याला कुठलं कलम लावायचं? चोवीस तासांचं वतन १९५८ ला गेलं ते खरं. आता ते खिशात वाजतं.

यातून मला एक कसोटी सुचली. आपल्याकडं कुणी काही मागतो तेव्हा ती विनंती आहे की वेठ, हे कसं ओळखायचं? शब्दांवरून नाही. 'कृपया'वरून तर अजिबात नाही. मनात नाही म्हणून बघायचं, आणि नाही म्हटलं तर काय होईल ते बघायचं. नाही हे उत्तर चालत असेल, मागणारा हिरमुसला होऊन का होईना पण दुसरीकडं जात असेल, तर ती विनंती. नाही म्हटल्यावर शिक्षा असेल तर ती वेठ. मग शिक्षा काठीची असो, उपासमारीची असो, की अबोल्याची.

या कसोटीवर १९३२ घासून बघा. २० सप्टेंबरला येरवड्यात गांधींनी उपास सुरू केला. देशभर एकच हाक, आंबेडकरांनी मानलं पाहिजे. हातात काठी नाही, तोंडात प्रेम. पण नाही हे उत्तर चालणार होतं का? नाही म्हटलं असतं आणि गांधींना काही झालं असतं, तर खेड्यापाड्यातल्या वस्त्यांचं काय झालं असतं, हे बाबासाहेबांना दिसत होतं. २४ सप्टेंबरला सही झाली. राखीव जागा १४८ मिळाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्या उपासाबद्दल बाबासाहेबांनी १९४५ च्या पुस्तकात काय मत दिलं ते तुम्हाला माहीत आहे. आपल्यातले काही पोरगे कधीकधी विचारतात, त्यांनी सही का केली? मी म्हणतो प्रश्न उलटा घाला. ज्या मागणीला नाही म्हणण्याची जागाच ठेवली नव्हती, तिला दिलेल्या होकाराला संमती म्हणायचं कसं? आणि एक लक्षात घ्या, हे हत्यार प्रेमाचं असल्यामुळं जास्त चालतं. आपल्या घरीही चालतं. 'तू तिथं लग्न केलंस तर मी अन्नाला शिवणार नाही' असं म्हणणारी आई कुठल्या वाडीत नाही?

इथं गाडी आपल्या दाराशी आली. आता कडू बोलतो.

खोताला, गावकीला, सरकारला आपण नाही म्हणायला शिकलो. सगळ्या वाडीनं मिळून शिकलो. एकट्याचा नकार गाव चिरडून टाकतं, म्हणून तो सगळ्यांनी एकदम द्यावा लागला, आणि कुणी फुटू नये म्हणून ठराव करावे लागले. एकानं ढोर ओढलं की सगळ्यांचा नकार वाया. हे बरोबरच होतं. पण त्या शिस्तीत एक दुसरी सवय शिरली. वाडीनं ठरवलं की ठरलं. मग ढोर ओढण्याचं असो, जयंतीच्या वर्गणीचं असो, कुणाच्या पोरीच्या लग्नाचं असो. मुंबईच्या मंडळानं ठराव केला, गाव शाखेनं वाचून दाखवला. आपली अडचण सांगणारा फितूर ठरला. महाराष्ट्रानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. त्याचा रोख आपल्याच जमातीतल्या माणसाला वाळीत टाकण्यावर आहे. तो वाचताना मला वाटलं, ज्यांना गावानं वाळीत टाकलं त्यांना तरी हा कायदा लागायची वेळ येऊ नये.

शाखेची मिटिंग कुठं होते? कार्यकर्त्याच्या घरी. चहा कोण करतं? सांगायला नको. रात्री अकराला वीस माणसं, वर भात टाका म्हणून फर्मान, आणि आत बाई सकाळी पाचला उठून कुणाच्या तरी निवासात चादरी धुवायला जाणारी. तिला कुणी विचारलं? आणि ती कुरकुरली तर रमाईचं नाव. रमाईनं शेणी थापल्या, रमाईनं उपास काढले, तू दोन कप चहाला रडतेस? मी रमाईला लहान करत नाही, ते माझं तोंड नाही. त्या माऊलीनं चार लेकरं पुरली आणि २७ मे १९३५ ला स्वतः गेली. पण तिचं दुःख हे आपल्या बायकांची तोंडं बंद करायला वापरायचं साधन नव्हे. बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बायकांना सांगितलं ते वेगळंच होतं. नवऱ्याची मैत्रीण व्हा, गुलाम होऊ नका, असा त्याचा अर्थ. ते भाषण आपण ८ मार्चला वाचतो आणि ९ तारखेला चहा मागतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली काढलं. चळवळीत बायका होत्या हे सांगायला एवढी वर्षं लागली आणि सांगावं लागलं बायकांनाच.

पोरांचंही तेच. शाखेतल्या एका पोराला मी बघतोय. पोस्टर तो चिकटवणार, खुर्च्या तो लावणार, पुढाऱ्याच्या गाडीमागं मालवण ते कुडाळ मोटारसायकल तो पळवणार. परीक्षा आहे म्हणाला तर वरून उत्तर येतं, बाबासाहेबांनी समाजासाठी संसार होळीत टाकला, तुला पेपर मोठा? खरं म्हणजे बाबासाहेबांनी पेपर कधी सोडला नाही. कोलंबियातून, लंडनमधून शिकून ते आले म्हणून साऊथबरोपुढं, गोलमेजेला त्यांचं बोलणं ऐकावं लागलं. आणि त्यांनीही वेळ आल्यावर राजीनामा दिला, २७ सप्टेंबर १९५१ ला, हिंदू कोड बिलाची परवड बघून. मंत्रिपदाला नाही म्हणाले. त्यांचा दाखला देऊन पोराच्या तोंडातला नकार काढून घेणाऱ्यानं हे वाचलेलं नसतं, किंवा वाचून गिळलेलं असतं.

आता समोरून एक प्रश्न येईल, आणि तो खरा आहे. 'माझी मर्यादा', 'माझं खाजगी आयुष्य', ही भाषा कुणाची? फ्लॅट घेऊन आडनाव बदललेल्याची. शिकला, लागला, आणि वाडीतला फोन उचलेना. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेब रडवेल्या आवाजात म्हणाले होते की शिकलेल्यांनी मला दगा दिला. तुमचा हा नकार त्याच दग्याला रेशमी रुमाल नाही कशावरून?

याचं सोपं उत्तर माझ्याजवळ नाही. पण दोन नकारांत फरक दिसतो तो मांडतो. वाडीतल्या म्हातारीला तहसीलदाराकडं कागद घेऊन जायचंय, शिकलेला म्हणतो माझा रविवार आहे. हा नकार खालच्या माणसावर पडतो, आणि देणारा काही गमावत नाही. मोर्चाच्या दिवशी पोरगा म्हणतो माझा पेपर आहे. हा नकार वरच्या माणसावर पडतो, आणि देणाऱ्याला त्याची किंमत द्यावी लागते, बोलणी खावी लागतात. दोन्हींना 'स्वार्थ' हा एकच शब्द लावणं हा आळस झाला. ऋण मी मानतो. समाजाचं ऋण आहेच. पण ऋणाला हिशेब असतो. काय दिलं, काय राहिलं, कधी फिटलं. आमच्याकडं रापण ओढतात तेव्हा दोराला हात लावणाऱ्याचा वाटा ठरतो. मासळी थोडी आली तर थोडा, पण वाटा. ज्याचा हिशेब कधी दाखवायचाच नाही, जे पिढ्यान् पिढ्या फिटत नाही, त्याला आपल्या आजोबांच्या भाषेत ऋण म्हणत नव्हते.

अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या या सायक्लोस्टाईल पानांशी जवळची आहे. १ डिसेंबर १९५५, माँटगोमेरी. रोझा पार्क्स बसमध्ये गोऱ्यासाठी सीट सोडत नाहीत. त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन नावाच्या प्राध्यापिका कॉलेजच्या सायक्लोस्टाईल मशीनवर हजारो पत्रकं काढतात, आणि ३८१ दिवस काळे लोक बसमध्ये चढत नाहीत. एकटीचा नकार आणि सगळ्यांचा नकार असा एकत्र आला. पण त्याआधी नऊ महिने, २ मार्चला, त्याच शहरात क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या पोरीनं असंच उठायला नकार दिला होता. तिलाही पोलिसांनी उतरवून नेलं. पुढाऱ्यांनी तिला पुढं केलं नाही. वय लहान, घर गरीब, पुढं ती लग्नाआधी गरोदर राहिली. तिचा नकार शोभणारा नव्हता. बसमधला भेदभाव कोर्टानं १९५६ साली मोडला तो ज्या दाव्यात, त्यातल्या चार फिर्यादी बायकांत मात्र क्लॉडेट होती. चळवळसुद्धा कुणाचा नकार मोजायचा ते निवडते. आपल्यात कुणाकुणाचे नकार मोजायचे राहून गेलेत, याची यादी प्रत्येक शाखेनं केली तर वही पुरणार नाही. बहुतेक नावं बायकांची असतील.

नाही म्हणायचं कसं, हेही थोडं. आमच्या मालवणीत माणूस तोंडावर नाही म्हणतच नाही. "बघतंय" म्हणतो. येतो म्हणून निघून जातो आणि येत नाही. हा दुबळ्याचा जुना उपाय. मालकापुढं तो चालवावा लागला, त्याला मी नावं ठेवत नाही. पण आपसांत कशाला? शाखेच्या मिटिंगला वीसजण 'बघतंय' म्हणतात, कामाला चार येतात, आणि त्या चारांची पाठ मोडते. तोंडावर नाही म्हणणारा त्या चौघांवर उपकार करतो, त्यांना किती माणसं हाताशी आहेत ते कळतं. कारण मात्र खरं सांगावं. आजारी आजीला दरवेळी मारू नये.

आमच्या वाडीत दोन महिन्यांपूर्वी मिटिंगचा चहा हा विषय निघाला. माझ्या आत्यानंच काढला. ती म्हणाली, आज मीपण बाहेर बसणार, माझंही म्हणणं आहे. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक वयस्क कार्यकर्ते उठले आणि स्टोव्ह पेटवायला गेले. साखर कुठं ठेवलीय ते त्यांना सापडेना. ठराव काही झाला नाही, पण तेव्हापासून मिटिंग समाजमंदिरात होते आणि चहा आळीपाळीनं.

चेंबरच्या प्रकरणात एवढं झालं नाही. त्या निवासवाल्यानं या सीझनला भावाला बोलावलंच नाही, आणि त्याच्या ओळखीतल्या दोघांनीही नाही. फिटिंगची कामं बाहेरच्या पोराकडं गेली. भाऊ सकाळच्या एस.टी.नं कुडाळला कामाला जातो, संध्याकाळी उशिरा येतो. मागच्या आठवड्यात चेंबरसाठी आमच्याच वाडीतल्या दुसऱ्या एका पोराला फोन आला होता. त्यानं 'बघतंय' म्हणून सांगितलंय. रविवारी मिटिंगला तो विषय आहे.